कानावर पडेल तेच तोंडी येईल

आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे, तेव्हा थोडक्यात बोलतो.

मुलांनी आत्ता आरती खणखणीत म्हटली. खाली उतरल्यावर त्यातल्या अर्ध्यांनी आजीकडे पाणी मात्र हिंदीत मागितलं. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास लष्कर वसवलं, तेव्हापासून या भागात मराठी घरं नांदत आहेत. मुंगावलीला जन्मलेले भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले, तेही मराठीत लिहून. चहूकडे हिंदी तेव्हाही होतीच.

जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडातला प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक ओळखत. वर्षाची होईतो बहुतेकांना तो ओळखू येईना, कारण घरात तो कानावर पडतच नव्हता. आता आपल्या 'ळ'चा विचार करा. शाळेतल्या हिंदीत तो नाही. घरीही ऐकू आला नाही, तर 'काल' आणि 'काळ' मुलाला सारखेच.

मराठी मालिका लावून ठेवू, असं कुणी म्हणेल. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसांकडून बारा बैठकांत ती चिनी ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं, तर काही शिकली नाहीत. पुण्याच्या आजीचा व्हिडिओ कॉल मात्र मोठ्या बाळाला उपयोगी पडतो, कारण आजी उत्तर देते.

मूल 'मी करलं' म्हणतं. घरात असं कुणीच म्हणत नाही! 'बसलं', 'पडलं' ऐकून नियम त्यानेच बांधला. 'माझी पुस्तक' हा हिंदीचा शेजार. आपण मोठेही 'मी येऊन राहिलो' म्हणतोच, पुण्याचे नातलग हसतात. हसू देत. मुलाला मात्र हसू नका, ते हिंदीत शिरेल. 'हो का, तू केलंस?' म्हणा आणि पुढे चला.

सूनबाई हिंदीभाषक असतील तर त्यांनी खुशाल हिंदीत बोलावं. दोन भाषांनी मूल बिघडत नाही. आजी-आजोबांनी मराठी सोडू नये. मुरारच्या बाजारात नातवाला बरोबर न्या. हा मुळा, ही मेथी, हे गाजर: तिन्ही लिंगं पिशवीत येतात.

उद्या संध्याकाळी गोष्टी आहेत. मुलांना पुढच्या सतरंजीवर बसवा. सांगणाऱ्या आजींना विनंती, की मधेच थांबून विचारा, 'मग काय झालं असेल?'