न हललेल्या कपाटाचं घर्षण

अकरावीच्या मुलांना मी एक गणित हमखास घालतो. फरशीवर 50 किलोचं कपाट आहे, घर्षणगुणांक 0.4. तुम्ही ते 60 न्यूटन बलाने आडवं ढकलता. कपाट हलत नाही. तर घर्षण किती? उत्तर येतं, 200! गुणांक गुणिले अभिलंब बल (फरशी कपाटाला वर ढकलते ते बल), सूत्र पाठच असतं.

अरे बाळांनो, तुम्ही ढकलताय 60 ने आणि फरशी उलट ढकलतेय 200 ने, तर कपाट तुमच्याच अंगावर यायला हवं! आलंय का कधी? कपाट जागचं हललं नाही, म्हणजे आडव्या बलांची बेरीज शून्य. घर्षण 60.

आजीचा पैशांचा डबा आठवा. भाजी 60 रुपयांची, तर आजी 60 च मोजून देते. डब्यात 200 आहेत म्हणून 200 देत नाही. किराणा दीडशेचा झाला तर दीडशे. काहीच आणायचं नसेल तर डबा उघडतच नाही. कपाटाला कुणी हात लावला नाही, तर घर्षण शून्य! अडीचशे मागितले, की मात्र डबा पुरत नाही आणि कपाट सरकतं. गुणांक गुणिले अभिलंब बल ही डब्यातली शिल्लक आहे, खर्च नव्हे. पुन्हा सांगतो, शिल्लक, खर्च नव्हे.

फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ याने 1699 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे घर्षण अभिलंब बलाच्या प्रमाणात असतं असा नियम मांडला. स्थिर वस्तूच्या बाबतीत तो लागू पडतो, पण ती हलायच्या बेतात असते तेव्हा. आपण तो निवांत बसलेल्या वस्तूलाही लावतो, तिथेच गाडं अडतं.

आता फळीवर पुस्तक ठेवा आणि एक टोक सावकाश उचला. उतार वाढेल तसं घर्षण वाढत जातं, आजीचा खर्च वाढतो. आणि गंमत अशी, की कललेल्या फळीवर अभिलंब बल घटतं, म्हणजे त्याच वेळी डब्यातली शिल्लकही आटत जाते! गुणांक 0.4 असेल तर साधारण 22 अंशांवर खर्च आणि शिल्लक यांची गाठ पडते आणि पुस्तक घसरतं.

शिक्षकांना एवढीच विनंती: गणितात 'हलत नाही' असं दिसलं, की आधी मुलांकडून बलांचे बाण काढून घ्या. सूत्राला नंतर हात लावू द्या.