ओल आभाळात जाऊ देऊ नका

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. आपल्या विट्याकडे जेमतेम त्याचा दहावा हिस्सा पडतो, आणि त्यातलंही बरंच पाणी ऊन-वारा परत आभाळात नेतो. एकरावर १ मिलिमीटर ओल उडाली, तर सुमारे ४,००० लिटर पाणी गेलं असं समजा.

हे पाणी दोन वाटांनी जातं. पिकाच्या पानांतून जातं, त्यावर पीक वाढतं, दाणा भरतो. उघड्या जमिनीतून, भेगांतून आणि तणांतून जातं, ते मात्र वाया. ही दुसरी वाट आपण अडवायची.

रब्बी ज्वारीत पेरणीनंतर ३ आठवड्यांनी फटीच्या, ५ आठवड्यांनी पासेच्या आणि ८ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं कोळपणी करा. तण मरतं, भेगा बुजतात, वरची भुसभुशीत माती खालची ओल धरून ठेवते. भेगा रुंदावायची वाट बघू नका.

टेंभू योजनेचं पाणी ज्यांच्या शिवारात आलं, त्यांनीही उसाचं पाचट जाळू नये, सरीत पसरावं. जमीन झाकलेली राहिली की पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर वाढवता येतं.