रिकामी बसण्यापेक्षा बरं?

(हिवरखेड येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बोलण्याआधी एक कबुली देते. माझी मुलगी बारावी पास झाली आणि अकोटला कापडाच्या दुकानात लागली. सकाळच्या एस.टी.ने जायची, दिवे लागल्यावर परतायची. पगार किती, सुट्टी कोणती, कागदावर काहीच नव्हतं. तिनं विचारलं, "माय, एवढ्यात परवडते का?" मी म्हटलं, "रिकामी बसण्यापेक्षा बरं."

दिवाळीची गर्दी ओसरली आणि मालकानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. पंधरा दिवसांचे पैसे बुडाले. मग ती माझ्याबरोबर कापूस वेचायला आली. वावरात पाहते तर तिच्याच वर्गातल्या चार पोरी! शाळा न पाहिलेली म्हातारी आणि बारावी पास पोर, दोघींचा कापूस एकाच काट्यावर मोजला गेला.

शिकलेल्या बाईसाठी गावात सरकारी कामं आहेत ना? अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली, 'आशा' २००५ साली. पण एकीला मिळतं 'मानधन', दुसरीला 'मोबदला'. 'पगार' म्हणायला सरकारची जीभ वळत नाही. अंगणवाडीताईंचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो २०२२ साली, आणि तोही बाया कोर्टात गेल्या म्हणून.

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला. २०२५ साली लागू झालेल्या वेतनसंहितेतही ते तत्त्व आहे. पण कायदा दुकानाच्या, वावराच्या दारातच अडतो, कारण आपण आधीच घरात पोरीची किंमत कमी करून ठेवतो. मुलगा घरी असला तर 'नोकरी शोधतो आहे'. मुलगी घरी असली तर 'रिकामी आहे'. पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्यांना सांभाळते, ती रिकामी कशी?

म्हणून सांगते, पोरीला कामावर पाठवण्याआधी विचारा : रोज किती, तास किती, पैसे कोणत्या तारखेला? पैसे बुडाले तर चौघी मिळून कामगार अधिकाऱ्याकडे जा. एकटीला दारातूनच परत पाठवतात.

माझ्या मुलीनं आता हजेरीची वही केली आहे. तारीख, तास, मिळालेले पैसे, राहिलेले पैसे, सगळं त्यात आहे. ती वही मी सोबत आणली आहे. चहाच्या वेळी बघा, आणि घरी जाऊन आपल्या पोरीला तशी एक करून द्या.