पिकअपचा पिकअप



मराठीत ‘पिकअप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहाटे बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या उतरवत उभा असतो, तो एक पिकअप. ‘गाडी जुनी झाली, पण पिकअप अजून चांगला आहे,’ असं कोणी म्हणतं, तो दुसरा. जागेवरून उसळी घेण्याची ताकद. गॅरेजात दोन्ही अर्थ दिवसभर चालतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही, कारण माल वाहणाऱ्या पिकअपकडून दुसऱ्या पिकअपची अपेक्षाच कोणी धरत नाही. अमेरिकेत मात्र एक मोठी कारागीर जमात हे दोन अर्थ एकाच गाडीत बसवण्यासाठी राबत आली आहे. आजचं व्याख्यान त्यांच्या कामाविषयी आहे.

गोष्ट सुरू करायला १९९१ हे साल सोयीचं. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने ‘सायक्लोन’ नावाचा छोटा काळा पिकअप बाजारात आणला. मूळ सांगाडा साध्या ‘सोनोमा’ पिकअपचा. त्यात ४.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्यावर मित्सुबिशीचा टर्बो आणि चारही चाकांना कायम ओढ देणारी यंत्रणा. ताकद २८० अश्वशक्ती. जोडणीचं काम मिशिगनमधल्या ट्रॉय गावी ‘प्रॉडक्शन ऑटोमोटिव्ह सर्व्हिसेस’ या कंपनीकडे होतं. हौद्यात जेमतेम ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो माल भरायची परवानगी. चार चाकं ओढत असली तरी ही गाडी खडकाळ रानवाटेवर नेऊ नका, अशी कंपनीची ताकीद होती. १९९१च्या हंगामात अशा २,९९५ गाड्या बनल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकात ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने या पिकअपला फेरारी ३४८शी भिडवलं. किंमत पाहिली तर फेरारी चौपटीहून महाग. जागेवरून ताशी ९७ किलोमीटरचा वेग गाठायला पिकअपला ५.३ सेकंद लागले, फेरारीला ६. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पिकअपने १४.१ सेकंदांत कापला, फेरारीने १४.५ सेकंदांत.

या निकालाची चर्चा भरपूर झाली. पण त्याच तक्त्यात आणखी दोन आकडे होते. रेषा ओलांडताना पिकअपचा वेग ताशी ९३ मैल होता आणि फेरारीचा ९९. म्हणजे शेवटाला फेरारीच जास्त जोरात पळत होती. शर्यत आणखी लांब असती तर तिने पिकअपला गाठलं असतं. मग पिकअप जिंकला कुठे? पहिल्या काही मीटरांत. फेरारी आपली ताकद जमिनीवर उतरवण्यासाठी झगडत होती, तेव्हा पिकअप निघून गेला होता.

पाव मैलाच्या शर्यतीचा जीव त्या पहिल्या टप्प्यातच असतो. या खेळाला ड्रॅग रेसिंग म्हणतात. दोन गाड्या, सरळ पट्टा, जागेवरून सुरुवात. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती रीतसर भरू लागल्या. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. रस्त्यावर एकमेकांशी झुंजणाऱ्या पोरांना नियम, मोजणी आणि सुरक्षित पट्टा मिळावा, ही त्यामागची तळमळ होती.

आता पिकअप या खेळाला गैरसोयीचा का, ते पाहू. इंजिन पुढे, माणसं पुढे, हौदा रिकामा. त्यामुळे गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर पडतं. आणि बहुतेक वेगवान पिकअपांची ओढ मागच्या चाकांवर. १९७८चा डॉजचा ‘लिल रेड एक्सप्रेस’ असो, फोर्डचा पहिला ‘लायटनिंग’ असो, की व्हायपरचं दहा सिलिंडरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलेला २००४चा ‘रॅम एसआरटी-१०’ असो, सगळे मागून ढकलणारे. ज्या चाकांनी काम करायचं, त्यांच्यावरच भार कमी! रिकाम्या हौद्याचा टेम्पो पावसात चढावर सोडला की मागची चाकं जागीच गरगरतात, हे आपल्या घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. कारण तेच.

सायक्लोनचाच ढोबळ हिशोब मांडू. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे ४७५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो ३.०६ पट होतो, एक्सलमध्ये आणखी ३.४२ पट. म्हणजे साडेदहा पट. चाकाची त्रिज्या साधारण ३२ सेंटिमीटर. घर्षणातली गळती सोडली, तर टर्बो पूर्ण दाबावर असताना टायर जमिनीला सुमारे १५ हजार न्यूटनने मागे लोटतो. गाडीचं स्वतःचं वजन १६ हजार न्यूटनच्या घरात. कोरड्या डांबरावर चांगला टायर अंगावरच्या भाराच्या ०.९ पट जोर पेलतो असं धरू. फक्त मागची चाकं ओढणारी असतील, तर निघताना वजन मागे सरकतं त्याचा फायदा धरूनही जेमतेम निम्मा जोर जमिनीत उतरेल. उरलेल्याचा धूर होईल. चारही चाकं ओढत असतील तर गाडीचा किलो न् किलो कामाला लागतो आणि जवळजवळ सगळा जोर पचतो. २८० अश्वशक्तीने ३०० अश्वशक्तीच्या फेरारीला मागे टाकलं ते या हिशोबावर.

म्हणून शर्यतीचा पिकअप बांधताना पहिला प्रश्न ट्रान्स्फर केसचा. गिअरबॉक्समधून आलेली ओढ पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वाटणारी ही पेटी. आपल्याकडच्या इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्ये चार चाकांची ओढ हवी तेव्हा जोडायची सोय असते. ती जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात, वाळूत हे उत्तम. कोरड्या डांबरावर तीव्र वळण घेतलं तर मात्र पुढची चाकं जास्त अंतर कापू पाहतात, मागची सोडत नाहीत, आणि सगळ्या दांड्यांत पीळ साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, शेवटी एखादा सांधा मोडतो. सरळ पट्ट्यावर ही व्यवस्था चालून जाते. रोज रस्त्यावर फिरवायच्या गाडीला नाही.

सायक्लोनने यावर वेगळा तोडगा काढला. ओढीचा ३५ टक्के वाटा पुढे आणि ६५ टक्के मागे, आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग. हे कपलिंग उघडून पाहिलं तर आत पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत दिसते. एक चकती एका बाजूला जोडलेली, पुढची दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन तेल. दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरतात तोवर तेल गप्प असतं. एक बाजू घसरून जोरात फिरू लागली की तेल चकत्यांमध्ये ओढलं जातं, तापतं आणि दोन्ही बाजूंना जखडू लागतं. हाताने दांडा ओढायला नको, बटण दाबायला नको. पण याला एक पथ्य आहे. पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले हवेत. पुढे जुने, मागे नवे अशी काटकसर केली, तर दोन्ही बाजूंचा वेग कधीच जुळत नाही आणि कपलिंग दिवसरात्र तापत राहतं.

निघण्याचा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. मागून ढकलणाऱ्या गाड्या पाण्यात चाकं फिरवून टायर तापवतात. चारचाकी ओढीच्या पिकअपचा जाणता चालक त्या पाण्याला वळसा घालून येतो, कारण पुढच्या टायरच्या खाचांतून आणलेलं पाणी सुरुवातीच्या रेषेवरच ठिबकतं. मग रेषेवर आडव्या पडणाऱ्या प्रकाशकिरणांशी पुढचं चाक इंचाइंचाने जुळवायचं. डावा पाय ब्रेकवर दाबून उजव्याने ॲक्सिलरेटर द्यायचा. गाडी जागेवर थरथरते, नाक खाली दबतं. एक्झॉस्टच्या जोराने टर्बो फिरू लागतो आणि दाबाचा काटा हळूहळू वर येतो. फार वेळ धरलं तर गिअरबॉक्समधलं तेल उकळतं, लवकर सोडलं तर टर्बो झोपलेलाच राहतो. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे एकेक करून उतरतात आणि ब्रेकवरचा पाय सुटतो. घड्याळ हिरव्या दिव्याने सुरू होत नाही. चाक किरणातून बाहेर पडतं तेव्हा होतं.

नवशिक्याचा पैसा बहुधा टर्बोचा दाब वाढवण्यात जातो. जुने बांधणारे उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी टायर आणि ब्रेक. मग मागचे पाटे, कारण जोर आला की ते इंग्रजी ‘एस’सारखे मुरडतात आणि एक्सल उड्या मारू लागतो. मग पुढच्या चाकांचे सांधे, गिअरबॉक्सच्या क्लचपट्ट्या, तेल गार ठेवणारा कूलर, पुरेसं पेट्रोल देणारा पंप. दाब सगळ्यात शेवटी. इंधन कमी पडलं आणि दाब वाढला, तर सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनच्या कडा तुटतात. असं इंजिन उघडल्यावर पिस्टनचा तुकडा तेलाच्या टाकीच्या तळाशी सापडतो, तेव्हा महिनोन्‌महिन्यांची कमाई तिथेच पडलेली असते.

पट्ट्याचे नियमही वेगाबरोबर कडक होतात. पाव मैल १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात कापणाऱ्याला हेल्मेट हवंच. सायक्लोनसारखी जुनी गाडी ११.४९ सेकंदांवर आली की डोक्यामागे पोलादी रोल बार लागतो.

आपल्याकडेही ही हौस आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. रस्त्यावरच्या शर्यतीत समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबाला कोणी विचारलेलं नसतं. या कारागिरीवर प्रेम करणाऱ्याने तरी हे विसरू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

आता विजेवरच्या पिकअपांनी हिशोब बदलला आहे. २०२१मध्ये आलेल्या ‘रिव्हियन आर१टी’त प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर मिळाली; ट्रान्स्फर केस गेली, टर्बोची वाट पाहणं गेलं. तरी जुन्या सायक्लोनचे मालक अजून पट्ट्यावर येतात. फेरी संपली की खिडकीतून वेळेची चिठ्ठी मिळते. शेवटचा आकडा प्रेक्षक वाचतात. चालकाचं बोट वरच्या ओळीवर जातं, पहिल्या साठ फुटांच्या वेळेवर. तो हवा मोजायचा गेज काढतो, चारही टायरमधली हवा दोन पौंडांनी कमी करतो आणि पुन्हा रांगेत लागतो.