कणीक प्रमाणात, तर धूम सुरात



वारकरी देवाजवळ काय मागतो? सोनं मागत नाही, माडी मागत नाही. माझी वारी चुकू नये, एवढंच मागतो. पण मायबापहो, मन तर प्रस्थानाआधीच चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचलेलं असतं. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता तुडवायचा तो या दोन पायांनी. दिवे घाट चढायचा तो याच छातीच्या भात्यानं. म्हणून देह ही देवाची ठेव आहे, आणि ठेव सांभाळावी लागते.

आता या मृदंगाकडे पाहा. कीर्तन सुरू होण्याआधी मृदंगाचार्य धुमेला भिजवलेली कणीक लावतात. जास्त झाली, तर आवाज दबतो. कमी पडली, तर घुमत नाही. प्रमाणात लागली, की धूम बोलते! आणि कीर्तन झालं, की ती कणीक खरवडून काढतात, तशीच वाळू देत नाहीत. पोटाचंही असंच आहे, माऊली. अन्न हवंच, पण प्रमाणात. आणि खाल्लेलं अंगावर वाळू द्यायचं नाही, कष्टानं खरवडून काढायचं. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

आणि आपण काय करतो? एकादशी, अन् दुप्पट खाशी! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वडे, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा. अहो, साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ पिठूळ भाग. तो कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आल्यानंतर ते आपल्याकडे पोहोचलं. ज्ञानेश्वरी सांगून झाली १२९० साली. तेव्हा माऊलींच्या एकादशीच्या ताटात खिचडी कुठून असणार? उपवास म्हणजे देवाच्या जवळ बसणं. एखादं फळ, ताक, उकडलेलं रताळं किंवा वाटीभर भगर. तेवढ्यात भागतं.

पण ज्यांना साखरेचा आजार आहे, गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास धरू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. असं झालं, की एकादशी असो वा द्वादशी, लगेच साखर खायची! जीव वाचवण्यानं व्रत मोडत नाही. पांडुरंग तर विटेवर उभा राहून वाट पाहणारा देव. तो उपाशी लेकरावर कसा रागावेल?

पंगतीत वाढणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो. समोरचा ‘पुरे’ म्हणाला, तर त्याला शपथ घालून बुंदी वाढू नका. त्याचं दुखणं त्यालाच ठाऊक.

आता चालण्याचं. वारीत आपण रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतो. घरी आलो, की पुढच्या आळीतल्या देवळात जायलाही फटफटी काढतो! अकरा महिने बसायचं आणि आषाढात एकदम चालायचं, मग गुडघे कुरकुरतील नाही तर काय? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं अंगमेहनत करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. साधा म्हटला, तर साधारण तेवढ्या वेळात हरिपाठ होतो. मग पहाटे मनात हरिपाठ म्हणत चाला. वेग किती? बोलता यावं, पण चालीवर गाता येऊ नये, इतका. एकदम जमत नसेल, तर दहा मिनिटांपासून धरा आणि हळूहळू वाढवा. म्हाताऱ्या माणसांनी भजनात दोन पावल्या टाकाव्यात. त्याही देहाला लागू पडतात आणि देवाला पोहोचतात. छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र थांबायचं आणि तपासून घ्यायचं.

साखरेचा आजार असलेल्या वारकऱ्यानं अनवाणी चालू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. मुक्कामाला पोहोचलात, की तळवे पाहा. दिसत नसतील, तर शेजारच्या माऊलीला पाहायला सांगा. इवल्याशा फोडानं पाय गमावलेली माणसं आहेत, बाबांनो.

गळ्यात माळ आली, तशी जिभेलाही थोडी माळ घाला, आणि कमरेची तंबाखूची डबी चंद्रभागेत न टाकता कचऱ्यात टाका! देहाचे लाड करू नका, हेळसांडही करू नका. पुढच्या आषाढीला कळस दिसेल, तेव्हा हात जोडायला तुम्ही स्वतःच्या पायांवर उभे असा, एवढंच पांडुरंगाजवळ मागणं.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!