तरंगते चिलखत

नदी आडवी आली की पायदळाची गती पुलापाशी खुंटते. या अडचणीवर सोव्हिएत अभियंत्यांनी 1966 साली बीएमपी-1 हे वाहन सिद्ध केले. सुमारे 13 टनांचे हे चिलखती वाहन 8 सैनिक पोटात घेऊन, आपले पट्टे फिरवीतच पाणी कापते. 1980 च्या बीएमपी-2 मध्ये 73 मिलिमीटरच्या तोफेची जागा 30 मिलिमीटरच्या शीघ्रगती तोफेने घेतली. हेच वाहन भारतात मेदक येथे ‘सारथ’ नावाने तयार होऊ लागले. त्याच्या सांगाड्यावर रुग्णवाहिका, उखळी तोफेचे वाहन आणि ‘नाग’ क्षेपणास्त्राचे वाहन अशी रूपे घडली. परंतु तरंगायचे तर भार कमी हवा, आणि भार कमी म्हणजे चिलखत पातळ. जो हलकेपणा सैनिकांना पैलतीरी नेतो, तोच सुरुंगापुढे त्यांच्या जिवावर बेततो. या वाहनाच्या रचनेतील खरा हिशेब हाच आहे.