मागणीची नोंद आणि माणसाची अब्रू

(नोकरदार उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी मला नेमून दिलेला विषय ऐकावयास रुक्ष वाटेल. नोकरीच्या ठिकाणी अपंग कर्मचारी जी सोय मागतो, त्या मागणीची नोंद कशी ठेवावी आणि ती ठेवताना त्याचे खाजगीपण कसे राखावे, हा तो विषय होय. नोंदवह्या, लिफाफे आणि कपाटे यांविषयी बोलण्यासाठी धम्मबांधवांची सभा कशाला, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर असे की, नोंदवहीचे दोन्ही गुण, तारण्याचा आणि मारण्याचा, आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणी भोगलेले नाहीत.

१९१७ साली परमपूज्य बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत आसरा मिळाला, तोही नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर. पुढे खरी ओळख उघड झाली आणि लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ह्या प्रसंगात अन्याय दोनदा झाला आहे, हे आपण ध्यानात घ्या. आपली ओळख लपवावयास लावणे हा पहिला अन्याय आणि ती ओळख परक्या हातांनी उघडी पाडणे हा दुसरा.

याच्या उलट बाजूही आपण अनुभवली आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण बुद्धाला शरण गेलो. त्यानंतर केंद्र सरकारच्या सवलतींसाठी अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत रकान्यात काय लिहावे, ह्या एका प्रश्नाने कित्येक तरुणांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा निकाल लावला. नोंद नसेल तर हक्क नाही, आणि नोंद चुकीच्या हाती पडली तर अब्रू नाही. ह्या दोन कड्यांमधील अरुंद वाट आपण चालत आलो. आज त्याच वाटेवर अपंग कामगार उभा आहे, आणि तो पुष्कळदा आपल्याच घरातला आहे.

शब्दाविषयी प्रथम एक खुलासा करतो. कायद्याच्या मराठी नावात ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. मी ‘अपंग’ म्हणतो. आपल्यालाही एकेकाळी ‘हरिजन’ असे गोड नाव देण्यात आले होते आणि बाबासाहेबांनी ते नाकारले होते. नाव गोड करून घेण्यापेक्षा हक्क पक्का करून घ्यावा, हा धडा आपण विसरू नये.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. ह्या कायद्याने ‘वाजवी सोय’ ही कल्पना आणली. अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीने आपला हक्क बजावता यावा म्हणून कामाच्या जागेत, वेळेत वा पद्धतीत करावयाचा आवश्यक आणि योग्य असा बदल, जो देणाऱ्यावर बेसुमार भार टाकीत नाही, तो म्हणजे वाजवी सोय. सरकारी आस्थापनेवर ती देण्याचे बंधन कलम २० ने घातले आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खाजगी असली तरी, समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय. आणि ती मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येत नाही.

म्हणजे सोय हा हक्क ठरला. परंतु हक्क कागदावर आला म्हणून तो कामगाराच्या हातात पडतोच असे नाही. मध्ये कचेरी असते.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण विदर्भातील माणसास परके वाटू नये. समजा, एक भगिनी एका कारखान्याच्या गोदामात कामाला आहे. तिला सिकलसेलचा आजार आहे. ह्या आजारात रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही वेदना उठण्याची नेहमीची कारणे आहेत. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, त्यात आपल्या बौद्ध समाजामध्ये, हा आजार पुष्कळ आढळतो. एकवीस प्रकारांत त्याची गणना आहे. मात्र चार टक्के राखीव जागांच्या वर्गांत तो नाही. तेव्हा ह्या भगिनीला कायद्याचा जो आधार आहे तो मुख्यतः वाजवी सोयीचा. तिची मागणी तरी किती? शीतगृहातील पाळी नको, पाणी हाताशी असावे, मध्ये थोडी विश्रांती मिळावी आणि वेदना उठल्यास रजा मिळावी.

ती ही मागणी कोणापाशी करील? बहुधा मुकादमापाशी, तोंडी. मुकादम भला असेल तर तो ‘बघू’ म्हणतो आणि तिची पाळी बदलून देतो. सहा महिन्यांनी मुकादम बदलतो. नवा माणूस विचारतो, ‘लेखी काही आहे काय?’ लेखी काहीच नसते. जी सोय साहेबाच्या मेहरबानीने मिळते ती साहेबाच्या बदलीबरोबर जाते. म्हणून नोंद हवी. मेहरबानीला कागद लागत नाही, हक्काला लागतो.

मग ती लेखी अर्ज करते. अर्जात आजाराचे नाव येते. तो बारनिशीत जातो, तेथून कारकुनाच्या टेबलावर, तेथून साहेबाकडे, तेथून मुकादमाकडे. चार टेबलांवर चार माणसे तो वाचतात. कोणी त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो. दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकाजवळ कुजबुज सुरू होते. आणि ही कुजबुज निव्वळ आजाराची नसते. ज्या भागात सिकलसेल म्हटले की ऐकणारा मनात जातीचा अंदाज बांधतो, तेथे आजाराचे नाव फुटणे म्हणजे जात फुटणे होय. शिवाय ती अविवाहित असेल तर तिच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत ती बातमी पोहोचते. पाण्याची बाटली जवळ ठेवण्याच्या परवानगीसाठी एवढी किंमत मोजावी लागते, हे पाहून दुसरा कामगार काय करील? तो गप्प बसेल, थंडीत उभा राहील आणि एके दिवशी रुग्णालयात पडेल.

तेव्हा प्रश्न असा की नोंद ठेवावयाची, पण कशाची?

कायद्याच्या कलम २२ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने अपंग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावयाची आहे. २०१७ च्या नियमांनुसार तीत नाव, लिंग, पत्ता, अपंगत्वाचे स्वरूप, कामाचे स्वरूप आणि दिली जात असलेली सोय हे तपशील येतात. कलम २३ प्रमाणे सरकारी आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारींची नोंदवही ठेवून दोन आठवड्यांत चौकशी करावयाची आहे. दोन्ही तरतुदी उपयोगाच्या आहेत. परंतु त्यांच्यामधली फट पाहा. एक नोंद माणसाची आहे, दुसरी तक्रारीची. मधली जी मागणी, तिचे काय? ‘दिली जात असलेली सोय’ एवढाच रकाना असेल तर नाकारलेल्या सोयीचा मागमूस राहत नाही. ज्या मागणीवर ‘बघू’ असा शेरा पडला ती कोठेच दिसत नाही. माणसाच्या देहाची माहिती कचेरीच्या दप्तरात येते. पण कचेरीने काय केले याची माहिती दप्तरात येत नाही. हा हिशेब उलटा आहे आणि तो सुलटा करणे हे आपले काम आहे.

तो सुलटा कसा करावा? माझ्या मते तीन कागद तीन ठिकाणी असावेत.

पहिला कागद मागणीचा. त्यास अनुक्रमांक असावा, अर्जदारास त्याच दिवशी पोच मिळावी, आणि नोंदवहीत मागणीची तारीख, मागितलेली सोय, निर्णयाची तारीख, दिलेली वा नाकारलेली सोय, नाकारण्याचे कारण आणि फेरविचाराची तारीख एवढेच लिहावे. ह्या वहीत आजाराचे नाव नसावे. माणसाचे नावही नसावे, अनुक्रमांक पुरे. नाव आणि अनुक्रमांक यांची जोडयादी निराळी, एकाच नेमलेल्या अधिकाऱ्याच्या कुलपात असावी.

दुसरा कागद वैद्यकीय दाखल्याचा. तो मोहोरबंद लिफाफ्यात, सेवापुस्तकापासून वेगळा ठेवावा. कोणी, केव्हा आणि कशासाठी तो उघडला याची सही त्यावर असावी. संगणकावर असेल तर तेथेही हाच नियम लागू व्हावा. गरज दिसण्याजोगी उघड असेल तर दाखला मागूच नये, आणि मागितल्यास मागणीपुरताच मागावा. खुर्ची हवी असणाऱ्यास सर्व आजारांचा इतिहास विचारण्याचा अधिकार कोणास नाही.

तिसरा कागद मुकादमास द्यावयाच्या हुकुमाचा. त्यात काय करावयाचे ते असावे, कशामुळे ते नसावे. ‘अमुक कर्मचाऱ्यास शीतगृहाची पाळी देऊ नये’ एवढे वाक्य पुरेसे आहे. सहकाऱ्यांनी कारण विचारले तर ‘कचेरीचा हुकूम आहे’ हे उत्तर पूर्ण आहे.

ही माझ्या मनची कल्पना नाही. अमेरिकेने १९९० साली अपंगांविषयी जो कायदा केला त्यात हेच तत्त्व आहे. कामगाराची वैद्यकीय माहिती वेगळ्या कागदावर, वेगळ्या फायलीत, गोपनीय म्हणून ठेवावी, आणि वरिष्ठास कामावरील आवश्यक बंधने व द्यावयाच्या सोयी एवढेच सांगावे, असे तो कायदा म्हणतो. आपल्याकडेही पाया तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र त्यावर विसंबून झोपी जाऊ नका. निव्वळ कागदी नोंदवहीला तो लागू नाही, आणि नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट त्यात मालकास ठेवलेली आहे. म्हणून आस्थापनेच्या स्वतःच्या लेखी नियमांतच ह्या भिंती आपण बांधून घेतल्या पाहिजेत.

आणखी एक धोका सांगतो. वर्षाअखेर आस्थापना अहवाल काढते. किती मागण्या आल्या, किती मान्य झाल्या, किती दिवस लागले, हे आकडे जाहीर झालेच पाहिजेत. त्यावाचून जबाबदारी ठरत नाही. परंतु आठ माणसांच्या शाखेचा अहवाल ‘रक्ताचा आजार : एक’ असे सांगत असेल तर त्याने नाव छापल्यासारखेच आहे. लहान शाखांचे आकडे एकत्र करून द्यावेत आणि आजारवार फोड देऊ नये.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, इतके झाकून ठेवले तर लबाड माणसे फायदा घेतील. त्याचे उत्तर सोपे आहे. पडताळणी एका जबाबदार अधिकाऱ्याने करावी. ती साऱ्या कचेरीने करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा असतो. ते म्हणतात, आपण स्वाभिमानी लोक, आपण काही लपवावे कशाला? बंधूंनो, लपवणे निराळे आणि आपली गोष्ट आपल्या हाती ठेवणे निराळे. ज्या भगिनीला आपला आजार उघडपणे सांगावयाचा असेल तिने ताठ मानेने सांगावा. तिच्या धैर्याने दुसऱ्यांची वाट मोकळी होईल. पण सांगण्याचा अधिकार तिचा. धर्मांतर आपण लाखोंच्या समोर केले, कारण तो निर्णय आपला होता. बडोद्याच्या धर्मशाळेत बाबासाहेबांची ओळख इतरांनी उघडी पाडली, तो निर्णय त्यांचा नव्हता. ह्या दोहोंतील फरक ज्याला कळला त्याला खाजगीपणाचा अर्थ कळला.

विनयपिटकात एका आजारी भिक्षूची कथा आहे. अतिसाराने तो आपल्याच मळमूत्रात पडला होता. भगवंतांनी त्याला विचारले की तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय? तो म्हणाला की माझा इतर भिक्षूंना काही उपयोग होत नाही, म्हणून कोणी करीत नाही. भगवंतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले. येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. तिचा पुढला भाग अधिक मोलाचा आहे. त्यांनी संघाला एकत्र बोलाविले आणि नियम घालून दिला की आजाऱ्याची सेवा कोणी करावयाची. कोणीच नसेल तर ती संघाने करावयाची, आणि न केल्यास तो दोष मानावयाचा. करुणा त्यांनी एका प्रसंगापुरती ठेवली नाही. तिचे कर्तव्य केले. ‘ज्याचा उपयोग नाही त्याची सेवा नाही’ हा जो व्यवहार संघात शिरला होता, तोच आज कारखान्यात आणि कचेरीत आहे. त्यावर इलाज तोच, नियम.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. आपण जेथे नोकरी करता तेथे समान संधीचे धोरण जाहीर झाले आहे काय, ते विचारा. झाले असेल तर मागणीची पोच, निर्णयाची मुदत आणि वैद्यकीय कागदांचे वेगळे दप्तर यांची कलमे त्यात आहेत काय, ते वाचा. नसतील तर युनियनच्या सभेत ठराव मांडा. आपल्यापैकी जे अधिकारी आहेत, आस्थापना शाखेत कारकून आहेत, त्यांच्यावर विशेष भार आहे; कारण तो लिफाफा त्यांच्याच हाती येणार आहे. आपल्या बापजाद्यांच्या नावापुढचा शेरा ज्यांनी सोसला, त्यांच्या मुलांच्या हातून दुसऱ्याच्या नावापुढे असा शेरा पडू नये. आणि ज्यांना सोय हवी आहे त्यांनी उद्या तोंडी विनवणी करू नये. दोन ओळींचा अर्ज लिहावा, त्यावर तारीख घालावी आणि पोच घेतल्यावाचून टेबल सोडू नये.

जय भीम.